बुलेटच्या पैशात बसेल तेवढं

६ जानेवारी, मलकपेठ

मी रोजनिशी लिहिणारी बाई नाही. जामबागच्या कॉलेजात तेहतीस वर्षं स्टोअर सांभाळलं. तिथे टाचणीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत सगळ्याची नोंद केली, स्वतःबद्दल मात्र एक ओळ लिहिली नाही. आज लिहिते आहे ती नाइलाजाने. नवऱ्याने मला न विचारता बुलेट विकली, आलेले सत्तर हजार जेवणाच्या टेबलावर ठेवले आणि गेम खेळायचा कॉम्प्युटर हवा म्हणाला. हे कुणाला तरी सांगायला हवं आणि सांगण्यासारखं कुणी नाही. शेजारी सांगितलं तर संध्याकाळच्या आत गौलीगुड्यापर्यंत पोचेल.

प्रतापराव एकाहत्तर वर्षांचे आहेत. वीज खात्यात लाइन इन्स्पेक्टर होते. अर्धा जन्म त्या बुलेटवर गेला. तिला जेवढं तेल पाजलं तेवढं मी डोक्याला लावलेलं नाही.

"वेड लागलंय का?" मी विचारलं.

"हौ."

"कसला गेम?"

"ट्रक चालवायचा."

"मलकपेठेतले रस्ते कमी पडले?"

"खऱ्या रस्त्यावर लई ट्रॅफिक झालं गं. यात बसेल तेवढंच घेऊ. तुझ्याकडून एक पैसा नक्को."

गिऱ्हाइकाने पाच हजार कापून घेतले, कारण डावीकडचा फूटरेस्ट वाकलेला होता. वर्षभरात तिसऱ्यांदा. चालवताना लक्ष नसतं, दुसरं काय.

पैसे मी कपाटात ठेवले. हा माणूस एकटा बाजारात गेला तर कॉम्प्युटर समजून दिव्यांचा राइस कुकर घेऊन येईल. खरेदी मी करणार. सत्तर हजार म्हणजे सत्तर हजार.

८ जानेवारी

मीनाला पुण्याला फोन केला. आधी ती पाच मिनिटं हसली. मग म्हणाली, "आई, तयार लॅपटॉप घेऊन टाका."

मी म्हटलं, आत काय आहे ते माहीत नसलेली वस्तू मी घरात घेत नाही.

मागून प्रतापराव म्हणाले, "मला घेतलंस की."

मीनाने सुट्या भागांची यादी सांगितली. मी ती माझ्या भाषेत उतरवली. प्रोसेसर म्हणजे हेडक्लार्क. मदरबोर्ड म्हणजे ऑफिसची इमारत. रॅम म्हणजे हेडक्लार्कचं टेबल, जेवढं मोठं तेवढ्या फायली एका वेळी उघडता येतात. ग्राफिक्स कार्ड म्हणजे ड्रॉइंग मास्तर, काम एकच आणि पगार सगळ्यांत जास्त. पॉवर सप्लाय म्हणजे शिपाई, तो आला नाही तर सगळं बंद. एवढं कळलं की बाकी सोपं आहे. कॉलेजसाठी मी भूकंपमापक घेतला आहे, हे काय विशेष.

पद्धत ठरली आहे. तीन दुकानांची दरपत्रकं, तुलनातक्ता, सर्वांत कमी दर. या पद्धतीने तेहतीस वर्षांत ऑडिटला एक शंका काढता आली नाही.

१० जानेवारी

अमीरपेटला मेट्रो बदलून पॅराडाईजला गेलो. तिथल्या कॉम्प्युटरच्या बाजारात जिन्यापर्यंत खोकी रचलेली. चालताना प्रतापरावांनी डावीकडची खोक्यांची एक चळत पाडली आणि दुकानदाराला "माफ करो भाई" म्हणून पुढे गेले. पायांखाली बघायचं असतं हे यांना कोण शिकवणार.

दुसऱ्या मजल्यावर भाग्यलक्ष्मी नावाच्या बाईंचं दुकान आहे. पन्नाशीची, केसांत मोगरा आणि हातात स्क्रू ड्रायव्हर.

"अम्मा, गेम कौन खेलता? पोता?"

"हमारे घरवाले."

ती हसली नाही. तिथेच ती माझ्या मनात पास झाली.

"कौन सा गेम, अंकुल?"

"ट्रक का."

"फिर तो स्टीअरिंग होना. कीबोर्ड पे ट्रक में मजा नै."

खरोखरीचं चाक, खाली पेडल, किंमत साडेआठ हजार. मी यादीत 'अनावश्यक' लिहून टाकलं. बटणं फुकट येतात. प्रतापरावांनी चाकावर एकदा हात फिरवला.

मग पडदा. भाग्यलक्ष्मीने बत्तीस इंची, वाकडा, भिंतीएवढा पडदा लावून दाखवला. "देखो अंकुल, इधर से उधर तक रोडइच रोड."

"नक्को. छोटा दिखाव. इत्ता मेरे कू नै होना."

एकेचाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने पहिल्यांदा लहान वस्तू मागितली. भाजी आणायला पाठवलं तर पोतं आणतात. शेवटी बावीस इंचीवर ठरलं, दहा हजार तरी वाचले. मी रस्त्यात त्यांना उसाचा रस पाजला. चांगल्या वागणुकीची नोंद व्हायला हवी.

भाग्यलक्ष्मी त्यांच्याकडे जरा वेळ बघत राहिली आणि मोठ्या पडद्याचा आग्रह तिने सोडून दिला. धंद्यात मुरलेली नसावी.

१४ जानेवारी

संक्रांत. मंडळात तीळगूळ. यांचे मित्र केशवराव मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, प्रतापराव आमच्यावर नाराज आहेत काय? परवा रेसकोर्सच्या भिंतीजवळ मी हाताच्या अंतरावरून दोन हाका मारल्या. दुसऱ्या हाकेला वळले, ते पण चुकीकडे."

मी घरी येऊन झाडलं. माणसाने निवृत्त व्हावं, माणुसकीतून निवृत्त होऊ नये. प्रतापराव म्हणाले, "कोणत्या बाजूला होता तो?"

"बाजू कसली? माणूस होता!"

"हौ, चुकलं," म्हणाले आणि तिळाचा लाडू शोधत बसले. लाडू ताटलीत डावीकडे होता.

१७ जानेवारी

फ्रिज साफ केला. चिंचेच्या बरणीमागे बोटभर उंचीची प्लास्टिकची बाटली सापडली, लेबल खरडून काढलेलं. होमिओपॅथीच्या काळातली असणार. फेकली. सोबत मागच्या दिवाळीचं गोड लिंबाचं लोणचंही फेकलं.

रात्री जेवणानंतर प्रतापराव फ्रिज उघडून उभे. काय हवंय विचारलं तर म्हणाले, लोणचं. गोड लोणचं यांनी जन्मात खाल्लेलं नाही. सत्तरीनंतर जीभ बदलते म्हणतात ते खरं असावं.

२० जानेवारी

तिन्ही दरपत्रकं आली: भाग्यलक्ष्मीचं, कोटी बाजारातल्या एका दुकानाचं आणि पॅराडाईजच्या पहिल्या मजल्यावरच्या एका सेठचं. रॅमचे भाव म्हणे दर आठवड्याला वाढताहेत, तेव्हा उशीर नको.

तक्त्यासाठी कागद शोधला. प्रतापरावांच्या खणात एक बाजू कोरी असलेला जाड कागद होता. वरचा भाग फाडलेला, मागच्या बाजूला करड्या ठिपक्यांचा एक गोल आणि त्यात अर्ध्यावर काळं फासलेलं. कुणाचा तरी प्रिंटर बिघडला असणार. त्या पाठकोऱ्यावर तक्ता आखला.

निकाल असा: प्रोसेसर कोटीचा स्वस्त. मदरबोर्ड सेठचा स्वस्त. रॅम परत कोटीची. कॅबिनेट, पॉवर सप्लाय आणि पडदा भाग्यलक्ष्मीचा. प्रत्येक ओळीतला सर्वांत कमी आकडा मी लाल शाईने गोल केला. तिघांपैकी कुणाकडूनही सगळं घेतलं असतं तर बजेट ओलांडलं असतं. माझ्या पद्धतीने ग्राफिक्स कार्डाला तेवीस हजार राहतात.

तक्ता प्रतापरावांपुढे ठेवला. त्यांनी एकदा कागद उलटा करून पाहिला, परत सुलटा केला आणि म्हणाले, "तू वाचून दाखव." वाचायचाही कंटाळा. चेहरा मात्र असा झाला होता जणू मीच त्यांची बुलेट विकली.

२३ जानेवारी

खरेदी केली. कोटीचा दुकानदार म्हणाला, "अम्मा, ऐसा एक-एक नै लेते. बोर्ड भी इधरीच लेओ, पूरा सेट."

सगळे दुकानदार हेच म्हणतात. एकदा एका पुरवठादाराने मला सांगितलं होतं, टेबल आमचं घेतलं तर खुर्चीही आमचीच घ्या, नाहीतर उंची जुळणार नाही. मी खुर्च्या दुसरीकडून घेतल्या. मुली त्यांवर बसून पदवीधर झाल्या.

सेठनेही तोंड उघडलं होतं. मी पैसे मोजून पुढे केले.

प्रतापराव आज पेन्शन ऑफिसला गेले होते. ऑगस्टपासून दर महिन्याला जातात. हयातीचा दाखला वर्षातून एकदाच लागतो. माझ्या ओळखीत एवढा मन लावून हयात असलेला दुसरा माणूस नाही.

२७ जानेवारी

हे लिहायला हात उचलत नाही. लिहिते.

घेतलेले भाग दोन पिशव्यांत भरून जोडणीसाठी भाग्यलक्ष्मीकडे नेले. तिने खोकी उघडली, प्रोसेसर एका हातात धरला, मदरबोर्ड दुसऱ्या हातात, आणि माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, ये इंटेल का प्रोसेसर है. ये बोर्ड एएमडी का है. ये इसमें नै बैठता."

"बिठाओ."

"कैसा बिठाऊँ? इसके घर में उसकी खिडकीच नै."

मी म्हटलं, स्क्रू वगैरे. ती म्हणाली, स्क्रूचा प्रश्न नाही. मग रॅम उचलली. रॅम जुन्या पिढीची निघाली आणि बोर्ड नव्या पिढीचा. म्हणजे हेडक्लार्क एका खात्याचा, इमारत दुसऱ्या खात्याची आणि टेबल दारातून आत जात नाही.

"किसने चुन के दिया मॅडम?"

"मैंने."

तिने पंखा माझ्याकडे वळवला आणि चहा मागवला. एवढा अपमान माझा ऑडिटरनेही केला नव्हता.

प्रतापराव काही बोलतील म्हणून मी वाट पाहत होते. एकेचाळीस वर्षं मी त्यांच्या खरेदीवर बोलते आहे. आज त्यांची पाळी होती. ते फक्त म्हणाले, "जाऊ दे गं. वस्तू सगळ्या चांगल्या आहेत. एकमेकांच्या ओळखीच्या नाहीत, एवढंच."

हा माणूस असा चांगला वागला की मला फार संताप येतो.

३० जानेवारी

कोटीवाल्याने उघडलेलं खोकं परत घ्यायला नकार दिला. मी खुर्ची ओढून दुकानाच्या तोंडाशी बसले. पाऊण तासात तीन गिऱ्हाइकं माझ्याकडून माहिती घेऊन परत गेली. मग त्याने परत घेतलं, पण कापून. सेठनेही कापून. एकूण सहा हजार गेले.

सत्तरमधले सहा गेले. मी माझ्या पेन्शनमधून भरते म्हटलं. प्रतापराव म्हणाले, "नक्को. बुलेटच्या पैशात बसेल तेवढंच." आवाज मोठा नव्हता. पण हट्ट करताना ते असे खाली बघून बोलतात, आणि तेव्हा मी वाद घालत नाही.

काय कमी करायचं ते दोन-तीन दिवसांत भाग्यलक्ष्मीकडे जाऊन ठरवायचं.

२ फेब्रुवारी

एकटीच गेले. प्रतापरावांना सर्दी.

तक्ता काउंटरवर ठेवला. भाग्यलक्ष्मीने बघता बघता सहज तो उलटा केला आणि तिचा हात थांबला.

"ये किसका है मॅडम?"

"किसी का नै. रद्दी कागद है. प्रिंटर खराब."

"प्रिंटर खराब नै मॅडम. ये आँख है."

मला कळेना. तिने बोट ठेवून दाखवलं. मशीनमध्ये हनुवटी टेकवायची, आत दिवे लुकलुकतात, दिसला की बटण दाबायचं. जिथे नाही दिसत तिथे कागदावर काळं येतं. "जितना काला, उतना नै दिखता. काला मोतिया बोलते. मेरे नान्ना का, बोले तो बाप का, ऐसाच पेपर हर साल आता. अंकुल छोटा स्क्रीन बोले तबीच मेरे कू डाउट आया. बड़े में बाजू का उनकू दिखताच नै."

काळा मोतिया म्हणजे आपला काचबिंदू.

मी कागद परत सुलटा केला. माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं: मदरबोर्ड, सर्वांत कमी दर. लाल शाईचा गोल.

"अम्मा, बैठो," भाग्यलक्ष्मी म्हणाली. मी बसलेलीच होते.

मेट्रोत मी अमीरपेटला उतरायचं विसरले आणि थेट रायदुर्गपर्यंत गेले.

फ्रिजमधली बाटली मी फेकली.

३ फेब्रुवारी

सकाळी प्रतापराव गॅलरीत पेपर वाचत होते. पेपर तोंडासमोर धरून डोकं हळूहळू डावीकडे नेत होते, टाइपरायटरच्या रुळासारखं. गेले सहा महिने ते असेच वाचत असणार आणि गेले सहा महिने मी समोर बसून शेंगा सोलते आहे.

मी म्हटलं, "पेन्शन ऑफिसात हल्ली डोळ्यांत थेंबही घालतात का?"

पेपर खाली आला. "कोण बोललं?"

"कॉम्प्युटरवाली."

"तिला कोण बोललं?"

"तुमच्या डोळ्याच्या मागे मी मदरबोर्डचा दर लिहिला होता."

आधी ते हसले. खांदे हलवून, बराच वेळ. मग हसणं थांबलं आणि पेपरची घडी घालत बसले. मी विचारत गेले, स्टॉक तपासणीला विचारतात तसं, कारण दुसरं कसं विचारायचं मला येत नाही.

"डावा?"

"मधलं दिसतं. बाजूचं गेलं."

"उजवा?"

"बरा आहे. डावीकडची कड खाल्लीय."

"गेलेलं परत येतं?"

"नाही. थेंब घातले तर आहे ते टिकतं, असं डॉक्टरीण बोलली."

"घालता रोज?"

"घालतो. तू बाटली टाकलीस तेव्हा दुकानात नव्हती, मागवायला लागली. सहा दिवस गेले."

सहा दिवस.

"गाडी कधी सोडलीत?"

"दिवाळीनंतर. चादरघाटच्या पुलावर डावीकडून एक बाई आली. म्हणजे ती आधीपासून होतीच, मला नंतर आली. ब्रेक लागला. तिला काही नाही झालं, पिशवी पडली, संत्री गडगडली. मी संत्री वेचायला उतरलो तर ती बी दिसेनात, अर्धी. ती बाई माझ्यावर दया करून मला शोधून देऊ लागली, 'वो देखो चाचा, वो.' तिथून गाडी ढकलत आणली."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू मला कंडम केलं असतंस."

"काय?"

"खुर्चीचा पाय हलला की दुसऱ्या दिवशी शिक्का मारायचीस. मी बघितलंय ना तुझं स्टोअर. मागच्या अंगणात सगळ्या कंडम खुर्च्या, एकावर एक. म्हटलं, आपण थोडे दिवस गुपचूप चालू राहू."

मी आत जाऊन कुकर लावला. तीन शिट्ट्यांच्या सात झाल्या, ते बोलवायला आले तेव्हा कळलं.

जेवताना बाकीचं सांगितलं. कुणा हौशी लोकांनी त्या ट्रकच्या गेमसाठी आपल्याकडच्या रस्त्यांचा नकाशा केला आहे. सदाशिवपेठ आहे, झहीराबाद आहे, तिथून बिदर आणि पुढे उदगीरचा फाटा. उदगीरला त्यांची शेती होती. झहीराबाद सेक्शनला अकरा वर्षं होते, तो रस्ता त्यांच्या हाताला पाठ आहे. अजून मधलं दिसतं आहे तोवर त्यांना तिथे स्वतः चालवत जायचं आहे. कुणाची पिशवी न पाडता.

"मग त्या दिवशी चाक हवं म्हणून बोलला का नाहीत?"

"तू 'अनावश्यक' लिहिलं होतंस. तुझ्या अक्षरात लिहिलं की ते खरंच वाटतं."

५ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंकडे दोघं गेलो. तरुण पोरगी, माझ्यापेक्षा कडक. तिने सांगितलं, गेमने डोळे बिघडत नाहीत, थेंब चुकवल्याने बिघडतात, आणि खऱ्या रस्त्यावर गाडी नाही. मी तिला विचारलं, बाटली फेकली गेल्याचे सहा दिवस मोजता येतील का? ती म्हणाली, तेवढ्यात कदाचित काही झालंही नसेल. मग म्हणाली, पुन्हा करू नका.

'कदाचित' हा शब्द मी नोंदवहीत कधी चालू दिला नाही. आज घेतला.

७ फेब्रुवारी

भाग्यलक्ष्मीकडे नवी यादी केली. या वेळी पहिली ओळ: स्टीअरिंग आणि पेडल, आवश्यक. बाकी सगळं त्याच्याखाली.

प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम तिच्याकडूनच, एकमेकांना ओळखणारी. दिव्यांचं कॅबिनेट रद्द, साधं पत्र्याचं. पडदा तोच लहान. राहिलं ग्राफिक्स कार्ड. त्याला आता सोळा हजारच उरतात आणि त्यात नवीन चांगलं येत नाही.

"मॅडम, एक सेकंडहँड है. मेराच कस्टमर का, नौ महिने चला. तीन महिने की ग्यारंटी मैं देती."

तेहतीस वर्षांत मी एक जुनी वस्तू विकत घेतली नाही. जुनं म्हणजे दुसऱ्याने कंडम केलेलं, अशी माझी व्याख्या होती. कार्ड हातात घेऊन पाहिलं. एका कोपऱ्यावर ओरखडा.

"चलता ना बराबर?"

"नया से भी अच्छा चलता. झाडां के पत्ते जरा कम दिखते. अंकुल कू पत्ते नक्को, रोड होना."

घेतलं. दुसरं दरपत्रक मागवलं नाही. ऑडिटरने यावं आणि मला विचारावं.

कापले गेलेले सहा हजार धरून सगळं मिळून एकोणसत्तर हजार आठशे चाळीस. उरलेल्या एकशे साठात तिघांचा इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटं. भाग्यलक्ष्मी पैसे देऊ लागली, मी तिचा हात खाली केला. बुलेटच्या पैशात बसत होतं.

९ फेब्रुवारी

मीनाला सांगितलं. या वेळी हसली नाही. रडायला लागली तेव्हा मी म्हटलं, रडू नकोस, वडील तुझे चालू आहेत, फक्त अर्धा पडदा बंद आहे. फोन प्रतापरावांकडे दिला. ते तिला टोल नाका कसा चुकवायचा ते सांगत बसले.

१२ फेब्रुवारी

कॉम्प्युटर आला. मधल्या खोलीत टेबल लावलं, पडदा त्यांच्या नाकासमोर, चाक टेबलाला आवळलं. सुरू होताना पंख्याचा आवाज आमच्या जुन्या पिठाच्या चक्कीसारखा. प्रतापरावांनी चाकावर दोन्ही हात ठेवले आणि दहा मिनिटं काही केलंच नाही. मी विचारलं, चालू नाही झालं का?

"इंजिन गरम होऊ दे."

निघाले. पटनचेरूच्या पुढे गेले आणि डावीकडच्या कठड्यावर घासलं. परत निघाले. एका टेम्पोला डावीकडून उडवलं. परत. संगारेड्डीच्या टोल नाक्याचा डावा खांब पाडला.

"दिसत नाही ना तो खांब?"

"पाडल्यावर दिसतो."

त्यांनी हात मांडीवर घेतले. पडद्यावर ट्रक आडवा पडलेला, चाकं हवेत. मला आठवलं, आमच्या रस्त्यांवर ट्रकमध्ये ड्रायव्हर उजवीकडे असतो आणि डावीकडच्या दरवाजाला क्लीनर लटकलेला असतो. डावीकडचं सगळं तोच बघतो आणि पत्र्यावर थापा मारून सांगतो. बिनक्लीनरचा ट्रक मी या रस्त्याला पाहिलेला नाही.

स्वयंपाकघरातलं स्टूल आणून त्यांच्या डाव्या हाताला बसले. चष्मा पुसला.

"काढा गाडी."

"तुला येतं?"

"तेहतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका दाखवायचा पगार घेतलाय. काढा."

निघालो. मी टेबलावर थाप मारत सांगत होते: जाऊ द्या, जाऊ द्या, दाबून घ्या, सायकल आहे, थांबा, म्हैस, म्हैस!

"गेममध्ये म्हैस नसते गं."

"मग ते काय आहे?"

"पाटी आहे. बिदर."

सदाशिवपेठेच्या पुढे मी त्यांना दोनदा शिव्या दिल्या. त्यांनी मला एकदा दिली, क्लीनरला देतात तशी, संसारात न वापरलेली. झहीराबादला दोन तासांत पोचलो. चढावर त्यांनी न बघता गिअर बदलला. "इथं डावीकडं एक ट्रान्सफॉर्मर होता," म्हणाले. मी डावीकडे पाहिलं. ट्रान्सफॉर्मर नव्हता, नकाशा करणाऱ्याने काढलेला नाही. मी म्हटलं, आहे.

एवढी खोटी नोंद चालेल.

१५ फेब्रुवारी

काल उदगीरच्या फाट्याला पोचलो. तिथे नकाशा संपतो. त्यांनी ट्रक कडेला घेतला, इंजिन बंद केलं आणि बराच वेळ उतरले नाहीत. म्हणजे खुर्चीवरून उठले नाहीत. मीही स्टुलावरून उठले नाही. आज परतीचा माल घेऊन निघायचं आहे.

वस्तू आल्या, जोडल्या, चालवून पाहिल्या. आता रीतसर ताबा द्यायला हवा.

हस्तांतरणाची नोंद

मी, पद्मावती बिरादार, श्री. प्रतापराव बिरादार यांना दिले:
१. कॉम्प्युटर, जोडलेला, नग एक. स्थिती: चालू.
२. त्यातील ग्राफिक्स कार्ड. स्थिती: जुनं, ओरखडा एक, चालू.
३. पडदा, लहान. स्थिती: नवा.
४. स्टीअरिंग व पेडल. स्थिती: आवश्यक.

श्री. प्रतापराव बिरादार यांनी मला दिले:
१. डोळ्यांच्या दवाखान्याची फाइल, ऑगस्टपासूनची. एक कागद पाठीमागून लिहिलेला.
२. ड्रायव्हिंग लायसन, मुदत दोन वर्षं शिल्लक.
३. थेंबांची बाटली, रोज रात्री नऊ वाजता उघडण्याच्या अधिकारासह.
४. डावी बाजू, संपूर्ण.

दिले: प्र. बिरादार
ताब्यात घेतले: प. बिरादार